बिनआवाजाचा रिले

मंडणगडच्या पावसात विजेच्या प्रत्येक डबीत कुणीतरी बिऱ्हाड थाटतं. विहिरीवरच्या पंपाच्या रिलेत आमच्याकडे मुंग्या असतात. 9 सप्टेंबर 1947 रोजी हार्वर्डच्या संगणकाच्या रिलेत पतंग सापडला, तर तिथल्या मंडळींनी तो नोंदवहीत चिकटवून ठेवला. आम्ही तसं करायचं म्हटलं तर मंडणगडच्या बाजारात तेवढ्या वह्या नाहीत.

गणपतीला पुण्याहून आलेल्या भाच्याने उपाय काढला : सॉलिड स्टेट रिले. पंपाला एक, पडवीच्या दिव्याला एक. यात हलणारा भागच नाही. आत इवलासा एलईडी लागतो, पलीकडचा ट्रायॅक तो उजेड पाहून वाट मोकळी करतो. मध्ये तार नाही, नुसती नजरानजर! शिवाय आपली वीज सेकंदाला 100 वेळा शून्यावर येते; त्यातला एक क्षण गाठूनच हा चालू होतो. तापतो मात्र, अँपिअरमागे साधारण एक वॅट. म्हणून पाठीला अ‍ॅल्युमिनियमचा हीटसिंक. मुंग्या गेल्या, आता पाल तिथे शेकत बसते.

आईला हे पटलं नाही. जुना रिले 'टक्' करायचा, ते माजघरात ऐकू यायचं. "हा बोलत नाय, हलत नाय. काम करतो कशावरून?"

रात्री पडवीतला एलईडी दिवा बंद केला, तरी मंद पेटलेलाच.

"राखणदार आलाय. नारळ द्या."

"आजी, तो लीकेज करंट गं! रिले बंद असला तरी दोन-चार मिलिअँपिअर झिरपतातच."

"मग मी काय वेगळं सांगत्ये? जा म्हटलं तरी जो पुरता जात नाय, तो कोण?"

दुसऱ्या दिवशी भाच्याने दिव्याला समांतर रेझिस्टर जोडला आणि आईने नारळ दिला. दिवा विझला. श्रेय नारळाला गेलं.

पुढे ऐन पावसात पंपाचा रिले गेला. जुना मेला की पंप बंद पडायचा; हा आतून शॉर्ट होऊन मेला, आणि पंप थांबेचना. टाकी भरून पाणी अंगणात आलं. मी भाच्याला फोन लावला. "मामा, एसएसआर बहुतेक वेळा असाच जातो, चालू राहून."

आईने नुसतं माझ्याकडे पाहिलं. मेल्यावरही जो सोडत नाही, त्याचं निदान तिने गणपतीतच केलं होतं.

आता एसएसआरच्या आधी एमसीबी आहे, आणि एमसीबीच्या आधी नारळ.