चि. तेलाच्या पाकिटास

मु. पो. कामरगाव,
ता. कारंजा (लाड), जि. वाशीम

चि. तेलाचे पाकीट यास अनेक उत्तम आशीर्वाद, विनंती विशेष.

तसं पाहिलं तर तुला तीर्थरूप लिहायला हवं. माझं लग्न होऊन मी या घरात आले, त्याच्या आधीपासून तू इथं आहेस. पण माणसं वयानं वाढतात आणि तू वर्षागणिक लहान होत चाललंस. ९१० ग्रॅमचं होतंस, मग ८५० झालंस, आता ८००. परवा दुकानात तुझा ७५० ग्रॅमचा धाकटाही फळीवर मांडलेला पाहिला. हीच प्रगती राहिली तर पुढच्या दिवाळीला तुझं बारसं करावं लागेल. म्हणून चिरंजीव.

अंगकाठी मात्र काय राखलीस! उंची तीच, रुंदी तीच, पोटावरचा हिरवागार शेंगांचा झुबका तसाच टवटवीत. वजन तेवढं खाली, शिवणीच्या सुरकुतीत, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात. दुकानातल्या उजेडात ते वाचायला सासूबाईंचा चष्मा सोबत न्यावा लागतो.

तुझी चुगली केली ती माझ्या स्टीलच्या बरणीनं. पाकिटाचा कोपरा कातरून तिच्यात पालथं घातलं की तेल गळ्याच्या कंगोऱ्याला टेकायचं, थेंब इकडे नाही की तिकडे नाही. हल्ली कंगोरा कोरडा राहतो, चांगला बोटभर. तुला लाटण्यानं दाबून पाहिलं, उलटं टांगून पाहिलं, आतून कणकेनं पुसून घेतलं. कंगोरा काही भिजला नाही. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, “ताई, कंपनीतूनच असं येऊन राहिलं, मी का करू?” त्याचंही खरंच आहे.

आता तुझी खरी करामत. फळीवर दोन पाकिटं शेजारी शेजारी होती. एक १५० रुपयांचं, एक लिटर म्हणजे ९१० ग्रॅम. दुसरं तू, १३८ रुपये, ८०० ग्रॅम. बारा रुपये वाचले म्हणून बाई हरखते आणि तुला पिशवीत घालते. घरी येऊन हिशेब मांडला तर मोठं पडलं किलोला १६५ रुपये आणि तू पडलंस एकशे साडेबहात्तर! म्हणजे स्वस्ताईच्या नावाखाली पाकिटामागं सहा रुपये तू हळूच काढून घेतलेस. आमच्याकडे महिन्याला चार-पाच पाकिटं लागतात. मेथीच्या जुडीत दोन रुपये कमी करावेत म्हणून मी बाजारात उन्हात उभी राहते, भाजीवालीचे चार शब्द ऐकून घेते. तू एका शब्दानं न बोलता तेवढे पैसे नेतंस. आणि वर लोक म्हणतात, ही काय, घरीच तर असते!

तू म्हणशील, मी कायद्यानंच वागतो. वागतंस खरं. पूर्वी खाद्यतेल, बिस्किटं, चहा अशा वस्तू ठरावीक मापातच बांधायच्या, असा नियम होता. २०२१ च्या दुरुस्तीनं ती मापं काढून टाकली आणि त्याच्या बदल्यात आम्हाला एक खेळणं दिलं: एकक विक्री किंमत. किलोच्या आतलं पाकीट असेल तर दर ग्रॅमला छापायचा, तोही दोन दशांश स्थळांपर्यंत. झालं! किलोला १६६ रुपये पडणारं पाकीट आणि १७४ रुपये पडणारं पाकीट, दोघांच्या पाठीवर एकच आकडा, ०.१७ रुपये. मधले आठ रुपये दशांश चिन्हाच्या पोटात गडप. त्यात शेजारचं पाकीट लिटरच्या भाषेत बोलतं, तू ग्रॅमच्या. ही तुलना मी कडेवर पोरगं घेऊन, यादी दातात धरून करायची.

तुझ्या भाऊबंदांनी तर तापमानाचाही धंदा करून पाहिला. तेल तापलं की फुगतं, लिटर भरतं पण त्या लिटरचं वजन कमी भरतं. काहींनी पाकिटावर ६० अंश सेल्सिअसपर्यंतचं तापमान छापलं होतं. २०२२ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारनं सांगितलं, तापमान काढा, लिटरसोबत नेमकं वजन लिहा. आमच्या वऱ्हाडात मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो, कबूल. पण साठ अंशांचं स्वयंपाकघर अजून मी पाहिलेलं नाही, आणि असलंच तर तिथं तेल ओतायला बाई जिवंत राहायची नाही.

मला जास्त झोंबतं ते वेगळंच. तू जन्माला येतंस ते आमच्या शेतात. वाशीम म्हणजे सोयाबीनचा जिल्हा, आणि क्विंटलभर सोयाबीनमधून साधारण अठरा किलो तेल निघतं. तेच सोयाबीन आम्ही विकायला नेतो तेव्हा काट्याला केवढी शिस्त येते! २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजारात त्याच्या खालीच बोली लागत होती. सरकारी खरेदीला जावं तर ओलावा १२ टक्क्यांच्या वर नको. यंत्र दाण्यात खुपसलं जाई, आकडा जरा चढला की पोतं बाजूला. ओरड झाल्यावर नोव्हेंबरात ती मर्यादा १५ टक्के केली. आमच्या दाण्यातलं पाणी टक्क्यानं मोजणाऱ्यांना तुझ्या पोटातलं शंभर ग्रॅमचं वारं कधी दिसलं नाही.

तुला टाळून सुटं तेल घ्यावं तर भेसळीच्या भीतीनं ते विकायलाच मनाई. ती मनाई योग्यच आहे, पण तिनं आम्हाला तुझ्या दावणीला बांधलं, हेही खरं.

म्हणून आता आम्ही बायकांनी वेगळा घाट घातलाय. १९७५ साली मुंबईत ग्राहक पंचायत निघाली, घरोघरच्या लोकांनी गट करून महिन्याचं वाणसामान एकत्र आणायला सुरुवात केली. तेवढं मोठं आम्हाला जमायचं नाही. आमच्या गल्लीत पाचजणी आहोत, एक डबा आणतो आणि वाटून घेतो. पहिल्या फेरीलाच तुझे काकाश्री भेटले. पंधराचा डबा म्हणून दुकानदारानं पुढं केला, मी विचारलं, “पंधरा किलो की पंधरा लिटर?” तो हसला. पंधरा लिटर म्हणजे पावणेचौदा किलोही भरत नाही. खानदानच गुणी तुमचं! शेवटी पंधरा किलोचा डबा घेतला. आता माझ्या ओसरीवर काटा ठेवून तेल मापलं जातं, आणि पाचजणींपैकी तिघी काट्याकडे न पाहता माझ्या हाताकडे पाहतात. चांगली सवय आहे, मी रागावत नाही.

पाहुणे अचानक आले की तुझी गरज पडेलच, तेव्हा अगदी संबंध तोडत नाही. एवढंच कर, वजन पुढच्या बाजूला लिही. शेंगांच्या झुबक्यापेक्षा मोठं.

कळावे,
कामरगावची एक घरीच असणारी

ता. क. तुझ्या बिस्किटवाल्या चुलतभावाला निरोप दे. २२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ वर आलाय. पुडा पाच रुपयांचाच असेल तर पोटात बिस्किट वाढायला हवं. नवा पुडा आणि जुन्या पुड्याचा कागद दोन्ही मी जपून ठेवलेत. काटा शनिवारी दुपारी मोकळाच असतो.