शनिवारीच मिळालेला उत्स्फूर्त प्रतिसाद

रविवारी सकाळी पेणमध्ये झालेल्या स्वच्छता मोहिमेला नागरिकांचा उत्स्फूर्त प्रतिसाद लाभला, ही बातमी माझ्या फोनवर शनिवारी संध्याकाळी येऊन पडली. खाली निरोप होता, ‘फोटो उद्या टाकतो, मजकूर असाच घ्या.’ मजकुरात नाव ठेवायला जागा नव्हती. मान्यवर उपस्थित होते, भाऊंनी मौलिक मार्गदर्शन केलं होतं, परिसर चकाचक झाला होता आणि आभार मानून कार्यक्रमाची सांगताही झाली होती. कार्यक्रम तेवढा व्हायचा राहिला होता.

यात भाऊंना दोष देण्यासारखं काही नाही. पान लवकर लागतं, रविवारी त्यांना आणखी तीन ठिकाणी हजेरी लावायची असते, आणि उत्स्फूर्ततेसारखी नाजूक बाब ऐन वेळेवर सोडून कसं चालेल? खुर्च्या आदल्या दिवशी सांगाव्या लागतात, तसा प्रतिसादही आदल्या दिवशी सांगावा लागतो.

रविवारी मी जाऊन आलो. भोगावती नदीच्या काठचा तो तुकडा पहाटेच पालिकेच्या सफाई कामगारांनी झाडून घेतला होता. ते त्यांचं रोजचं काम. पण मग झाडायला काही उरेना, आणि फोटोत नुसता स्वच्छ रस्ता आला तर मोहीम कशाची? शेवटी एका हुशार कार्यकर्त्याने शेजारच्या झाडाखालचा पाचोळा घमेल्याने आणून बेताने पसरला. मग मान्यवर पुढे सरसावले. खराटे कोरे होते. एकाला दुकानाची चिठ्ठी तशीच लटकत होती. एका खराट्याला पाच हात लागले. खराटा जमिनीपासून वीतभर वर. सगळ्यांची नजर समोर. ज्यांनी खरंच झाडलं होतं त्या दोन बायका आणि एक मुकादम चौकटीबाहेर उभे होते, मान्यवरांचे फोन आणि गॉगल सांभाळत. फोटो झाल्यावर पाचोळा कुणी गोळा केला ते तुम्ही ओळखलं असेलच.

वृक्षारोपणाबद्दल लिहीत नाही. तेच खड्डे, तीच पाटी, वर्ष तेवढं खोडून नवीन. वह्यावाटपाचंही तसंच. एक वही, तिला सहा मोठी माणसं धरून उभी, आणि खालून फक्त पोराचे डोळे दिसतात.

स्वयंसेवेला एवढा बहर कशाने आला, याचं उत्तर मात्र इथल्या कुणालाही विचारा. 2016 नंतर पालिकेची पुढची निवडणूक व्हायला 2025 चा डिसेंबर उजाडला. म्हणजे जी मंडळी ‘भावी नगरसेवक’ म्हणून फलकावर चढली, ती नऊ वर्षं भावीच राहिली. पोराचं लग्न ठरून नऊ वर्षं मुहूर्त निघू नये, तशी अवस्था. एवढ्या काळात माणसाने करायचं काय? समाजसेवा. रक्तदान शिबिरं इतकी झाली की शेवटी रक्तदाते कमी आणि प्रमाणपत्रावर सही करणारे जास्त, अशी पाळी आली. मुंबई-गोवा महामार्गावर तर सेवेला मोकळं रानच मिळालं. पनवेल ते इंदापूर हे 84 किलोमीटरचं चौपदरीकरण 2011 साली हाती घेतलं. त्या वर्षी जन्मलेलं पोर दहावीला पोहोचायची वेळ आली तरी त्यातले खड्डे आपल्या जागी होते. दर गणपतीला चाकरमानी वडखळला अडकणार, तिथे मंडप पडणार, पाण्याच्या बाटल्या वाटल्या जाणार आणि बाटलीवर भाऊंचा फोटो असणार. रस्ता वेळेत झाला असता तर किती जणांची सेवा करायची राहून गेली असती, याचा विचार ठेकेदाराने केलेला दिसतो.

आता कुणी म्हणेल, लहान गाव आहे, हौस असते, चालायचंच. पण राव, गाव लहान नाही. पेण तालुक्यातलं गागोदे बुद्रुक घ्या. तिथे 11 सप्टेंबर 1895 ला विनोबा जन्मले. तिथून पुढे रोहा. तिथे 19 ऑक्टोबर 1920 ला पांडुरंगशास्त्री आठवले जन्मले. 1958 साली मॅगसेसे पुरस्कार सुरू झाला तेव्हा समाजनेतृत्वासाठीचा पहिलाच विनोबांना मिळाला, आणि त्याच खात्यातला 1996 चा शास्त्रीजींना. शेजारी शेजारी दोन तालुके, दोन मॅगसेसे, आणि दोन्ही मिळाले ते लोकांना एकत्र कामाला लावण्याबद्दल! देशात दुसरीकडे कुठे असा योग असेल तर कळवावं. आम्ही लगेच अभिनंदनाचा फलक लावू.

गंमत अशी की दोघांनाही प्रसिद्धीपत्रक काढता आलं नसतं. विनोबा तेरा वर्षं पायी फिरले. पोचमपल्लीला 1951 साली पहिली जमीन मिळाली, मग भूदानामागून संपत्तिदान, श्रमदान, ग्रामदान असं वाढतच गेलं. श्रमदान हा शब्द आज आमच्या फलकावर नांदतो तो असा पायपीट करून आलेला आहे. भाऊ व्यासपीठापासून गाडीपर्यंत चालले तरी आता ‘पदयात्रा’ होते. शास्त्रीजींच्या स्वाध्यायींची तऱ्हा तर फारच अडचणीची. भक्तिफेरीला जायचं ते आपल्या खर्चाने, आपला डबा घेऊन. योगेश्वर कृषीत गावाने मिळून एक शेत पिकवायचं, पाळीपाळीने राबायचं, आणि पीक कुणा एकाच्या मालकीचं नाही. किनाऱ्यावर मत्स्यगंधा नावाच्या होड्या, त्याही तशाच पाळीने चालवायच्या. म्हणजे काम करणारे रोज निराळे, मालक कुणीच नाही. सांगा, अशा होडीवर ‘सौजन्य’ कुणाचं लिहायचं?

(रोह्याशी नातं असलेला तिसरा माणूसही आठवतो. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, 1952 साली कुलाब्यातून लोकसभेत गेलेले आणि मुंबईच्या प्रश्नावर 1956 साली अर्थमंत्रिपद सोडणारे चिंतामणराव देशमुख. त्यांच्या नावाने टाळ्या आम्ही भरपूर वाजवतो. पण हिशेबाचा प्रश्न निघाला म्हणून मंडळाच्या खजिनदाराने राजीनामा दिल्याचं काही ऐकिवात नाही.)

तर सेवाभाव या मातीत आहेच. फक्त तो बघायचा असेल तर फलकांची रांग संपते तिथून पुढे खाडीच्या अंगाला जावं लागतं. वाशी, वढाव, दादर, रावे ही खारेपाटातली गावं. इथली भातशेती समुद्राकडून हिसकावून घेतलेली. बाहेर खाडी, मध्ये मातीचा बाहेरकाठा, आत शेतं. पावसाचं पाणी ओहोटीला बाहेर जायचं आणि भरतीचं आत यायचं नाही, यासाठी उघाडी. सगळा खेळ चिखलाच्या त्या भिंतीवर. खेकड्याने बीळ केलं, उंदराने पोखरलं, अमावास्येच्या उधाणाला पाणी तिथूनच वाट काढतं, आणि बघता बघता खांड पडते. एकदा का खारं पाणी आत फिरलं की त्या साली भात गेलं, आणि पुढची दोन-तीन वर्षंही जमिनीतला खार धुऊन निघत नाही.

पेशवाईच्या आणि इंग्रजांच्या काळात याची व्यवस्था होती, तिला शिलोत्री म्हणत. शिलोत्रदाराने बाहेरकाठा सांभाळायचा आणि त्या बदल्यात बिघ्यामागे धान्याचा वाटा घ्यायचा. आतले बांध रयतेचे. पण खांड पडली की शिलोत्रदार कोण आणि कूळ कोण हे बघायला वेळ नसायचा. घरटी माणूस बांधावर हजर. पाणी भांगाचं असेपर्यंत, म्हणजे अष्टमीच्या आसपास भरतीचा जोर कमी असतो तोवर, काम उरकायचं. तेही दोन भरत्यांच्या मधल्या चार-पाच तासांत. गुडघाभर चिखलात रांग लावायची, ओल्या मातीचे गोळे हातोहात पुढे सरकवायचे, खांडीत पेंढा आणि फांद्या दडपायच्या, वर माती, पुन्हा पेंढा. पाणी चढायला लागलं की रांगेतली बोलणी बंद होतात. तिथे मार्गदर्शनाला कुणी उभं राहिलं तर त्याच्याच हातात पहिला गोळा येतो.

अशा कामातून आलेल्या एका म्हाताऱ्या आजोबांना मी शहाणपणाने विचारलं, “तेव्हा किती स्वयंसेवक जमायचे हो?” आजोबांनी माझ्याकडे नीट पाहून घेतलं.

“कसला सोयंसेवक? ज्याचा शेत तो आला. नाय आला तं त्याचा शेत बी खारा नि माजा बी.”

आता याची बातमी कशी करायची? ‘उत्स्फूर्त’ म्हणावं तर आजोबाच नाही म्हणतात. निःस्वार्थ म्हणावं तर स्वार्थ लख्ख दिसतो, फक्त तो सगळ्या गावाचा मिळून एक आहे. उद्घाटन करायला नारळ नाही, समारोप करायला वेळ नाही. आणि फोटो? मी म्हटलं, तेव्हा मोबाईल असते तर बरं झालं असतं. आजोबा म्हणाले, दोन्ही हातांत माती असताना तो धरला कशात असता?

पुढे सरकार मदतीला आलं. खारजमिनींचा कायदा 1948 साली झाला, दुसरा 1979 साली, आणि बाहेरकाठे खात्याच्या ताब्यात गेले. शेतकऱ्याच्या डोक्यावरचं ओझं उतरलं आणि फाइलीत चढलं. आता खांड पडली की अर्ज, मग पंचनामा, मग अंदाजपत्रक, मग निविदा. उधाण दर अमावास्या-पौर्णिमेला येतं. निविदेची तिथी पंचांगात नसते.

दरम्यान खारं पाणी शेतात नांदतं, आणि चार-पाच वर्षांत तिथे कांदळवन उभं राहतं. कांदळवन तोडायला बंदी, आणि ती योग्यही आहे. किनारा त्यानेच धरून ठेवलेला आहे. पण सातबाऱ्यावर भातशेती आणि जागेवर जंगल, अशा शेताचा मालक बांधावर उभा राहून आपल्याच जमिनीत पाय टाकू का म्हणून विचारत फिरतो. भाऊंनी खड्डा खणून, पाणी घालून, पाटी लावून लावलेलं झाड जगत नाही. इथे कुणी न लावता जगतं, आणि नेमकं तेवढंच शेतकऱ्याला नको असतं.

याच लोकांना 2008 च्या सप्टेंबरात सेझसाठी जमिनी देणार का म्हणून विचारलं गेलं होतं. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या 22 गावांत 21 तारखेला मतदान झालं. म्हातारीकोतारी माणसं रांगा लावून उभी होती. त्या रांगेत चहा-बिस्किटांची सोय नव्हती, आणि तिचं पत्रक आदल्या संध्याकाळी कुणी लिहून ठेवू शकलं नव्हतं.

एक मात्र भाऊंच्या पदरात घालायलाच हवं. कार्यक्रम संपला की त्यांचे फलक वाया जात नाहीत. दहा बाय आठचा फ्लेक्स म्हणजे खारेपाटात मौल्यवान वस्तू. रातोरात उतरतो तो पुढे भाताच्या उडव्यावर, गोठ्याच्या छपरावर, नाहीतर घराच्या वाऱ्याकडच्या भिंतीला पावळी म्हणून दिसतो. परवा एका उडव्यावर भाऊ उलटे पसरलेले पाहिले. हात जोडलेले, पाय वर, छातीवर दगड ठेवलेले, आणि तोंडावर तेच हसू. खाली भात कोरडं ठणठणीत. भाऊंच्या हातून झालेलं आणि पावसाळाभर टिकलेलं हे एकच काम माझ्या पाहण्यात आहे, आणि नेमकं त्याचंच पत्रक आलं नाही. मी स्वतः शीर्षक सुचवणार होतो. मग वाटलं, नको. कळलं तर ते उडव्याचंही लोकार्पण करायला येतील.

रोह्याला धावीर महाराजांची पालखी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी निघते, पोलीस बंदुकांसह मानवंदना देतात. त्या दिवशी प्रत्येक जण आपापल्या दारासमोरचा रस्ता झाडतो, सडा घालतो, रांगोळी काढतो. सगळा गाव एका सकाळीत स्वच्छ. मोहीम नाही की प्रमाणपत्र नाही. देव दारावरून जायचा असतो, एवढं एकच कारण पुरतं. तेव्हा पालिकेने वर्षाचे बाराही महिने पालखी काढावी असा ठराव कुणी मांडला तर माझा पाठिंबा समजावा.

राहता राहिला पाहणी दौरा. खांड पडल्याची ओरड फारच झाली की तो येतो. दौरा ओहोटीला ठरतो, कारण भरतीला तिथवर पोहोचताच येत नाही. साहेब पँट दुमडून बाहेरकाठ्यावर येतात, मागे भाऊ, त्यांच्या मागे फोटोवाला. समोर नुसता चिखल वाळत पडलेला.

“पाणी कुठाय?”

“साडेतीनला येल साहेब.”

साडेतीनला साहेबांची अलिबागला बैठक असते. मंडळी परत फिरतात. पाहुण्याला रिकाम्या हाती कसं धाडायचं म्हणून कुणीतरी चांगला तीन-चार किलोचा जिताडा ओल्या गोणपाटात गुंडाळून गाडीच्या डिकीत ठेवतो. शेतात तो आलेला असतो त्याच भरतीच्या पाण्यातून.