उठून दिसलं पाहिजे

ऑफसेट प्रेसच्या पुढच्या केबिनमध्ये कोरल ड्रॉ उघडून बसलेला हा गृहस्थ पुण्याच्या पेठांत गल्लीगणिक सापडतो. नाव काहीही असो, हाक एकच: मास्तर. जग यांना टक्क्यांत दिसतं. लग्नात नवरी बोहल्यावर आली की बायका शालूचे काठ बघतात, मास्तर पुटपुटतात, "मजेंटा १००, यलो १००, काळा १०." आमटीत हळद कमी पडली तर "यलो वाढव" म्हणतात आणि घरात ते कळतंही.

मंडळाचा कार्यकर्ता वाढदिवसाचा फ्लेक्स करायला येतो. अट एकच, "मास्तर, उठून दिसलं पाहिजे."

"काय उठून दिसायला हवं?"

"सगळंच."

भाऊंचा फोटो, भाऊंचं नाव, शुभेच्छुकांची मुंडकी, आणि हिरव्यावर लाल अक्षरं. मास्तर समजावतात. लाल आणि हिरवा रंगचक्रात समोरासमोर बसतात. दोघांचा उजळपणा सारखा पडला की अक्षरांच्या कडा थरथरतात, वाचणाऱ्याचे डोळे दुखतात. शिवाय काही पुरुषांना लाल-हिरव्यातला फरकच नीट कळत नाही, आणि मतदार तेही आहेत. कार्यकर्ता सगळं शांतपणे ऐकून घेतो. "मग असं करा, अक्षरांना पिवळी बॉर्डर टाका."

"अहो, सगळेच उभे राहिले तर बसायचं कोणी?" मास्तर विचारतात आणि बॉर्डर टाकतात. प्रेसचं भाडं असतंच ना.

एरवी काम हातात घेतलं की मास्तर खुर्ची मागे ओढतात आणि डोळे अर्धवट मिटून पडद्याकडे बघतात. नव्या गिऱ्हाइकाला वाटतं, लागली डुलकी. खरं तर त्या अंधुक नजरेला जे आधी दिसेल तेच उद्या स्कूटरवाल्याला दिसणार असतं. मग ते सगळे रंग काढून मजकूर राखाडी करून बघतात. राखाडीत अक्षर वाचता आलं तर वर कुठलाही रंग चढवा; नाही आलं तर इंद्रधनुष्य ओतूनही उपयोग नाही. एवढ्या एका परीक्षेपुरता मी मास्तरांचा शिष्य आहे. बाकी त्यांचं ६०-३०-१० चं सूत्र, म्हणजे मुख्य रंग ६०, जोडीचा ३०, ठसक्याचा १०, मला संशयास्पद वाटतं, कारण ते जेवणाच्या ताटालाही लावतात.

मोबाईल नाचवत येणारी जात वेगळी. त्यावर झगझगीत पोपटी. "हाच हवा, डिट्टो."

"दादा, तुमच्या मोबाईलच्या मागे दिवा आहे. कागदाच्या मागे कुठला लावू?" पडद्यावरचे रंग लाल, हिरव्या, निळ्या उजेडाचे, कागदावरचे सायन, मजेंटा, यलो आणि काळ्या शाईचे. तो पोपटी शाईत उतरला की दोन दिवसांची मेथी. दादांना हे पटत नाही. पुढच्या प्रेसमध्येही पटत नाही, मग ते परत येतात.

वधूपिता मात्र मवाळ. पत्रिकेत काळा तेवढा नको, बाकी तुम्ही म्हणाल ते. मास्तर अक्षरांना झकास गडद मरून देतात. वधूपिता खूश. त्या मरूनमध्ये काळा ४० टक्के आहे, हे त्यांना सांगण्याची गरज मास्तरांना कधी वाटलेली नाही.

एकदा एका मिठाईवाल्याचं खोकं त्यांनी मनासारखं केलं: पांढऱ्यावर केशरी, भोवती भरपूर मोकळी जागा. शेठजींनी खोकं उलटंपालटं केलं. "बिलात फोर कलर लिहिलंय. इथे एकच दिसतो. बाकीचे कुठायत?"

मास्तर उठले. छापील ताव कापताना कडेची पट्टी निघते, तिच्यावर शाई तपासायला चारही रंगांचे चौकोन असतात. तशी एक पट्टी त्यांनी टोपलीतून काढली आणि शेठजींच्या हातात ठेवली. "हे घ्या तुमचे बाकीचे."

शेठजींनी चौकोन मोजले, पट्टी घडी करून खिशात टाकली आणि राहिलेले पैसे चुकते केले.