धूर नसल्याचा दाखला

युरोपातल्या पुष्कळ मोठ्या शहरांनी आपला मध्यभाग ‘कमी उत्सर्जन क्षेत्र’ म्हणून आखून ठेवला आहे. तिथे गाडी न्यायची तर ती फार धूर सोडत नाही, हे शहराला पटवून द्यावे लागते. पटवण्याची रीत देशागणिक बदलते. जर्मनीत काचेवर स्टिकर लागतो. फ्रान्सचाही स्टिकरच, पण तो वेगळा. लंडनमध्ये काही चिकटवावे लागत नाही, मात्र खिशात हात घालण्याची तयारी ठेवावी लागते. बेल्जियमच्या अँटवर्पमध्ये तर बहुतेक परदेशी गाड्यांनी, त्या कितीही सोवळ्या असल्या तरी, आधी नाव नोंदवून घ्यायचे असते. गाडीचा खराखुरा धूर यांपैकी कोणीही पाहत नाही. आपल्याकडे पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यातल्या व्हॅनमधला पीयूसीवाला निदान सायलेन्सरमध्ये नळी घालतो, किंवा घातल्यासारखे करतो. युरोपात तेवढाही शरीरसंबंध येत नाही. सारा निकाल कागदावरून लागतो.

या प्रकाराची सुरुवात स्वीडनने केली. १९९६ साली स्टॉकहोम, गोथेनबर्ग आणि माल्मो या शहरांत जुन्या अवजड वाहनांना मज्जाव झाला. ट्रक घेऊन सहलीला कोणी जात नसल्यामुळे पर्यटकांनी त्याची दखल घेतली नाही. पर्यटकांची पाळी आली ती १ जानेवारी २००८ रोजी, जेव्हा बर्लिन, कोलोन आणि हॅनोव्हर या जर्मन शहरांनी मोटारींनाही नियम लावला.

जर्मन स्टिकर गोल असतो. लाल, पिवळा आणि हिरवा असे त्याचे तीन रंग निघाले. पुढे लाल-पिवळ्यांना जवळजवळ सगळीकडे दारे बंद झाली आणि हिरवा तेवढा चलनात राहिला. त्यावर गाडीचा नंबर उन्हाने न विटणाऱ्या शाईने लिहितात, आणि तो पुढच्या काचेला आतून, खालच्या उजव्या कोपऱ्यात चिकटवतात. वाहन नोंदणी कार्यालयात किंवा गाड्यांची तपासणी करणाऱ्या केंद्रावर तो थोडक्या युरोंत मिळतो. घरबसल्या मागवून देणारे मध्यस्थही आहेत, आणि ते त्याच स्टिकरचे कित्येक पट पैसे घेतात. एजंट ही जमात आरटीओच्या आवाराबाहेरच वाढते, अशी समजूत असलेल्यांनी ती इथे दुरुस्त करून घ्यावी.

स्टिकर कोणाला मिळतो, हा या विषयातला सर्वांत रसाळ भाग आहे. युरो-१ हे उत्सर्जनाचे मानक १९९२ मधले. त्यात बसणारी, कॅटलिटिक कन्व्हर्टर असलेली तीस वर्षांपूर्वीची पेट्रोल गाडी हिरव्या स्टिकरला पात्र ठरते, आणि काल शोरूममधून निघालेली पेट्रोल गाडीही त्याच हिरव्या स्टिकरला पात्र ठरते. विजेवर चालणाऱ्या गाडीला धुराडेच नसते. तरीही तिला स्टिकर लागतो. तो नसेल तर शंभर युरो दंड. उलट तिशी ओलांडलेली आणि ‘ऐतिहासिक’ नंबरप्लेट मिळवलेली डिझेल मोटार स्टिकरशिवाय, काळा पदर मागे सोडत, बर्लिनच्या मध्यातून राजरोस जाऊ शकते. धूर सोडण्याचाही एक वारसा असतो आणि तो जपला पाहिजे, असे जर्मन कायद्याचे म्हणणे दिसते. दुचाकी, तीनचाकी आणि शेतीचे ट्रॅक्टर यांनाही सूट आहे. म्हणजे बर्लिन पाहायला ट्रॅक्टरने जाणाऱ्याला स्टिकरची चिंता नाही. बाकीच्या चिंता त्याच्या त्याने पाहाव्यात.

म्युनिकने यावर आणखी एक मजला चढवला. तिथे फेब्रुवारी २०२३ पासून युरो-४ पर्यंतच्या डिझेल गाड्यांना मध्यवर्ती भागात बंदी आली. अशा कित्येक गाड्यांच्या काचेवर रीतसर हिरवा स्टिकर होता आणि आजही आहे. रंग बघून निर्धास्त झालेला पाहुणा तिथे फसतो. याउलट हॅनोव्हरने, ज्याने पहिल्या दिवशीच नियम लावला होता, २०२४ मध्ये आपले क्षेत्र रद्दही करून टाकले. हवा सुधारली, आता गरज नाही, असे कारण दिले. सरकारी नियम काम झाल्यावर मागे घेतला जातो, ही बातमी मराठी वाचकाने दोनदा वाचावी अशी आहे.

फ्रान्सचा ‘क्रिटेअर’ स्टिकर सहा रंगांत येतो: विजेच्या गाडीला हिरवा, मग जांभळा, पिवळा, नारिंगी, तपकिरी-लाल आणि तळाशी राखाडी. पॅरिसमध्ये तो २०१७ च्या जानेवारीत आला. चुकल्यास मोटारीला ६८ युरो. डिझेल गाडी अगदी युरो-६ असली तरी तिला जांभळा मिळत नाही, पिवळ्यावर समाधान मानावे लागते. जर्मन हिरवा फ्रान्सला कळत नाही, फ्रेंच जांभळा जर्मनीला कळत नाही. वास्तविक युरो मानके दोघांची एकच. ऱ्हाइन ओलांडताना नळकांड्यातून निघणारा धूरही तोच. स्ट्रासबुर्ग आणि फ्रायबुर्ग एकाच दिवशी पाहणाऱ्याला मात्र दोन्ही स्टिकर बाळगावे लागतात. त्यात तो स्वित्झर्लंडच्या मोटरवेवरून आला असेल, तर चाळीस फ्रँकचा टोलचा स्टिकरही आलाच. त्याचा धुराशी काही संबंध नाही, पण काच तीच. चार देश पालथे घातलेल्या गाडीची काच शेवटी एसटीच्या जुन्या पत्र्याच्या ट्रंकेसारखी दिसू लागते. फ्रान्समध्ये या क्षेत्रांविरुद्ध ओरड इतकी झाली, की २०२५ मध्ये तिथल्या नॅशनल असेंब्लीने ती मोडीत काढण्याच्या बाजूने मतदान केले. तेव्हा निघण्याआधी ताजी स्थिती पाहिलेली बरी.

लंडनची पद्धत त्यातल्या त्यात सरळ आहे. कॅमेरा नंबर वाचतो, गाडी मानकात बसत नसेल तर दिवसाला साडेबारा पौंड. पेट्रोलला युरो-४ आणि डिझेलला युरो-६ असले, की पैसे नाहीत. एप्रिल २०१९ मध्ये मध्य लंडनपुरते असलेले हे क्षेत्र २९ ऑगस्ट २०२३ पासून लंडनच्या सगळ्या बरोंना, म्हणजे प्रशासकीय विभागांना, लागू झाले, आणि हीथ्रो विमानतळ त्यात आला. इथून मराठी कुटुंबांचा या विषयाशी थेट संबंध सुरू होतो. स्लाउमध्ये, म्हणजे लंडनच्या हद्दीबाहेर, राहणारे काका जुनी डिझेल गाडी घेऊन रात्री साडेअकराला हीथ्रोवर पोचतात. मुंबईचे विमान उतरलेले असते. पण मेथीची पुडी, गोडा मसाला आणि लोणच्याची बरणी यांचा खुलासा कस्टम्सला करता करता बारा वाजून जातात. दिवस मध्यरात्री बदलतो. येताना एक दिवस, जाताना दुसरा, एकूण पंचवीस पौंड. विमानतळाचा पार्किंगचा आकार निराळा. पैसे प्रवासानंतरच्या तिसऱ्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत भरता येतात. विसरल्यास दंड १८० पौंड, चौदा दिवसांत भरल्यास निम्मा. नाताळच्या दिवशी सर्वांना माफी असते. गाडी नुसती उभी असेल तर लंडन पैसे मागत नाही. जर्मनीत उभ्या गाडीलाही स्टिकर लागतो. विश्रांती घेणारे इंजिनही तिथे संशयितच.

इटलीचे ‘झेडटीएल’ हे काटेकोर बोलायचे तर उत्सर्जन क्षेत्र नव्हे, वाहतूक-मर्यादा क्षेत्र आहे. पण पर्यटकांचे जास्तीत जास्त पैसे बहुधा तिथेच जातात, म्हणून ते वगळता येत नाही. फ्लॉरेन्स, पिसा, सिएना यांच्या जुन्या भागांत परवाना असलेल्याच गाड्या जाऊ शकतात. वेशीवर फाटक नसते, शिपाई नसतो. फक्त कॅमेरा असतो. हॉटेल सापडत नाही म्हणून त्याच गल्लीला तीन प्रदक्षिणा घातल्या तर तीन दंड होऊ शकतात. पुण्य मिळत नाही. परदेशी माणसाला नोटीस पाठवायला इटालियन कायदा ३६० दिवस देतो. सहलीचे फोटो नातेवाइकांना दाखवून संपलेले असतात, पिसाच्या मनोऱ्याला हात लावून उभे राहिल्याचा फोटो फ्रेम होऊन भिंतीवर जातो, आणि मग कोथरूडच्या पत्त्यावर पाकीट येते. त्याआधी भाड्याने गाडी देणाऱ्या कंपनीने, चालकाचे नाव पोलिसांना कळवल्याबद्दल, कार्डावरून आपली फी कापलेली असते. चुगलीचे पैसे चुगली झालेल्याने द्यायचे, ही तरतूद करारात बारीक अक्षरांत असते. यावर उपाय सोपा आहे: झेडटीएलमध्ये हॉटेल असेल तर गाडीचा नंबर हॉटेलला आधी कळवावा, तो अधिकृत यादीत चढवण्याची सोय पुष्कळ हॉटेलांकडे असते.

मुंबई-पुण्याहून स्वतःच्या गाडीने लंडन गाठणाऱ्यांचा एक छोटा पंथ आहे. त्यांच्यासाठी नोंदणीपुस्तकातली भारत स्टेजची नोंद मोलाची, कारण बीएस मानके युरोवरूनच बेतलेली आहेत आणि एप्रिल २०२० नंतरच्या गाड्या बीएस-६ आहेत. एचएसआरपीबरोबर मिळणारा काचेवरचा रंगीत स्टिकर, पेट्रोलचा फिकट निळा किंवा डिझेलचा केशरी, बर्लिनमध्ये निरुपयोगी आहे. २१४ हा नंबर ‘राम’ असा रंगवून घेणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे, की तिकडचा कॅमेरा श्रद्धेने वाचत नाही. आणि आरटीओने एक हजार रुपयांत दिलेले आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट चालकापुरते असते; गाडीच्या धुराबद्दल ते चकार शब्द काढत नाही.

भाड्याने गाडी घेणाऱ्याने काउंटरवरून चावी उचलण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत: काचेवर कोणकोणत्या देशांचे स्टिकर आहेत, आणि ज्या शहरांत जायचे त्यांच्यासाठी नोंदणी कोणी करायची. ज्यांना एवढेही नको असेल त्यांनी स्वित्झर्लंडमधल्या झेरमाटला जावे. तिथे पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांना प्रवेशच नाही. गाडी खाली तेश गावात ठेवायची आणि आगगाडीने बारा मिनिटांत वर पोचायचे.