सत्कारमूर्तींनी खुर्च्या मांडाव्यात

आमच्या कुंभवलीच्या बाजूला कुणाचा गौरव करायचा ठरला, की 'कशासाठी' असं कुणी विचारत नाही. पहिला प्रश्न असतो, 'मंडप आहे का?' गणपतीचा मंडप सुटायचा बाकी असेल तर गौरव करायला कुणीही चालतं. यंदा पाळी प्राथमिक शाळेची आली.

मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. या समितीत तीन-चतुर्थांश पालक असावेत आणि एकूण सभासदांत निम्म्या महिला असाव्यात, असं शिक्षण हक्क कायद्याने ठरवून दिलंय. त्यातल्या महिला मुद्द्याचं बोलतात आणि आम्ही पुरुष ठराव मांडतो. त्यानुसार ठराव आला: 5 सप्टेंबरला शाळेतल्या झाडून सगळ्यांचा जाहीर सत्कार. टाळ्यांच्या गजरात मंजूर. मग कामांची वाटणी सुरू झाली.

"खुर्च्या?"

"गुरुजी बघतील."

"फळ्यावर कार्यक्रमाचं नाव?"

"बाईंचं अक्षर मोत्यासारखं आहे."

"स्वागतगीत?"

"बाईच बसवतील. आणि गुरुजी, पाहुण्यांना बोलायला चार मुद्दे कागदावर काढून द्या. ते आयत्या वेळी विचारतात, शाळा कितवीपर्यंत आहे म्हणून."

"चहा-पोहे?"

"मावशी आहेत की!"

सूत्रसंचालन, फोटो, आभार, मागची झाडलोट, सगळी कामं अशीच मार्गी लागली. स्वतःच्या गळ्यात स्वतः हार घालायचं तेवढं काम सत्कारमूर्तींना दिलं नाही. तो मान पाहुण्यांचा असतो. गुरुजी हसून "करू की" म्हणाले. प्राथमिक शिक्षकाच्या तोंडी हे दोन शब्द इतके बसलेले असतात, की उद्या कुणी शाळेवर विमान उतरवायचं म्हटलं तरी ते विचारतील, "मैदान किती वाजता रिकामं करून हवंय?"

दोष आमच्या समितीचा नाही. ही माणसं दिवसभर नेमकं करतात काय, हेच गावाला ठाऊक नसतं. विचाराल तर उत्तर मिळेल, "शिकवतात." हे उत्तर अपुरं आहे. शिकवणं ते मधल्या वेळात उरकतात.

जिल्हा परिषदेच्या बहुतेक प्राथमिक शाळांत कारकून नसतो आणि शिपाईही नसतो. म्हणून कुलूप उघडतो तो शिक्षक, घंटा देतो तो शिक्षक, पाण्याची टाकी भरली का ते बघतो तोही शिक्षक. हे सगळं कुठून येऊन? कुणी विरारहून डहाणू लोकलने, बोईसरला उतरून शेअर रिक्षात चौथ्या सीटवर अर्धं अंग बाहेर ठेवून. 2013 मध्ये लोकल डहाणूपर्यंत आली तेव्हा आम्हाला वाटलं, आता आम्ही मुंबईला जवळ झालो. प्रत्यक्षात गुरुजी आम्हाला जवळ झाले. गाडी चुकली तरी परिपाठ चुकत नाही. तो कसा होतो हे फक्त रिक्षावाल्याला माहीत.

आमच्याकडच्या पहिलीच्या वर्गाची तर गोष्टच वेगळी. शेजारी तारापूर औद्योगिक वसाहत. तिथल्या कारखान्यांत काम करायला निम्मा हिंदुस्थान येतो आणि त्याची पोरं शेजारच्या शाळेत येतात. एका बाकावर वाडवळी बोलणारा, दुसऱ्यावर वारली, तिसऱ्यावर भोजपुरी, चौथ्यावर उडिया, आणि पाचव्यावरचा कुठलीच भाषा न बोलता नुसता रडणारा. बाई उभ्या राहून म्हणतात, "मुलांनो, हे काय आहे?" आणि कमळाच्या चित्राला पाच भाषांत उत्तर येतं. दिवाळीपर्यंत बाई या सगळ्यांना मराठीवर आणतात. नंतर छठला गावी गेलेला पोरगा महिन्याने परततो तो पुन्हा भोजपुरीवर गेलेला असतो, आणि त्याला घ्यायला आलेली त्याची आई मात्र बाईंशी बोलून बोलून मराठीत पक्की झालेली असते. म्हणजे पटावर एक, शिकले दोन. दुसऱ्याची नोंद कुठल्याच रकान्यात होत नाही.

वाऱ्याची दिशाही इथे अभ्यासक्रमात आहे. खिडकीतून वास आला की दुसरीतला पोरगा नाक वर करून सांगतो, "बाई, आज पावडरवाली कंपनी." बाई खिडकी लावतात आणि धड्यावर येतात. भूगोल, विज्ञान आणि नागरिकशास्त्र एका वासात आटपतं.

इथून पुढे समुद्राकडे गेलं की तारापूरचं अणुवीज केंद्र. देशातलं पहिलं, 1969 पासून चालू. तिथे अणुभट्टीवर नजर ठेवायला पाळ्या बदलून तज्ज्ञ मंडळी बसलेली असतात. पहिलीच्या वर्गात पुरेपूर ताकदीच्या तीस भट्ट्या, आणि नियंत्रणाला एकट्या बाई. पाळी बदलत नाही. तीस हा आकडाही कायद्यातला आहे, तीस मुलांमागे एक शिक्षक; कायदा करणाऱ्यांनी पावसाळ्यातला मधल्या सुट्टीचा वर्ग बघितला असता तर तो निम्म्यावर आला असता.

आता खिचडी. शाळेत शिजलेलं जेवण द्या, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश 2001 चा. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला शंभर ग्रॅम धान्य, वीस ग्रॅम डाळ, पन्नास ग्रॅम भाजी असं माप ठरलेलं आहे. म्हणजे ज्या बाईंनी सकाळी शतक-दशक-एकक शिकवलं, त्याच बाई अकरा वाजता तांदूळ मोजतात आणि वहीत ग्रॅममध्ये लिहितात. हजेरी शेहेचाळीस, तर तांदूळ चार किलो सहाशे ग्रॅम. दोन पोरं उशिरा आली, की सगळा हिशेब पुन्हा. घरी आपण चार माणसांचा भात अंदाजाने टाकतो आणि तोही कधी कधी चुकतो.

शिजवणाऱ्या मावशींचं कागदावरचं नाव 'स्वयंपाकी तथा मदतनीस'. 'तथा' या शब्दात भांडी घासणं, चूल पेटवणं, अंगणातल्या कुत्र्याला हाकलणं आणि रडणाऱ्याला उचलून घेणं एवढं सगळं मावतं. केंद्राने 2009 मध्ये त्यांचं मानधन महिन्याला हजार रुपये धरलं, तेही वर्षातले दहाच महिने. राज्याने वर आपली भर घातली. उरलेल्या दोन महिन्यांत मावशींना भूक लागत नसावी, असा हिशेब मांडणाऱ्याचा अंदाज दिसतो.

वाढण्याआधी जेवण चाखून 'चव नोंदवही'त शेरा लिहायचा, हाही नियम. मोठ्या शहरांत जेवणाचं परीक्षण लिहिणाऱ्यांना मान आणि मानधन दोन्ही मिळतं. आमचे गुरुजी वर्षानुवर्षं रोज एकाच पदार्थावर परीक्षण लिहितात, तेही दोनच शब्दांत: 'चव चांगली'. एकदा मीठ जास्त पडलं. गुरुजींनी मावशींकडे पाहिलं. मावशी म्हणाल्या, "गुरुजी, लिवा खरं काय ते." गुरुजींनी लिहिलं, 'चव चांगली, पाणी भरपूर प्यावे.' इतका नेमका शेरा मी मोठमोठ्या समीक्षकांत पाहिला नाही.

एवढं झालं की मग कागद. यू-डायस, आधार, शाळेचं पोर्टल, शिष्यवृत्ती, जंतनाशक गोळ्यांचा अहवाल. ती गोळी चावून खायची असते आणि चौथीतली पोरं ती गालात साठवून बाहेर जाऊन थुंकतात. म्हणून बाई प्रत्येकाला "आ कर" म्हणून तोंड तपासतात. डॉक्टर एवढं बघायची फी घेतात. शिक्षकांना अशैक्षणिक कामं देऊ नयेत, असं कायद्याचं कलम 27 सांगतं. अपवाद तीनच: दशवार्षिक जनगणना, आपत्तीतलं मदतकार्य आणि निवडणूक. आता पालघर जिल्ह्यात पाऊस किती पडतो आणि देशात निवडणुका किती होतात, हे ज्याने त्याने मोजावं.

हे गुरुजींचं घरकाम आजचं नाही. आमच्याच जिल्ह्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. वारली मुलांना आधी आंघोळ, नखं कापणं, केस विंचरणं, आणि नंतर गाणी-गोष्टी, असा त्यांचा क्रम. पोरं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात नेली. ताराबाईंना 1962 मध्ये पद्मभूषण मिळालं. अंगणवाडी हे नाव आज देशभर चालतं, पण त्याच्या तळाशी नेलकटर आणि फणी आहे, हे भाषणात कुणी सांगत नाही. भाषणात शिक्षक दीपस्तंभ असतो. आमच्या नवापूरच्या किनाऱ्याकडच्या कोळ्याला विचारा. दीपस्तंभाला नुसतं उभं राहायचं असतं, त्याला कुणी ऑनलाइन माहिती भरायला सांगत नाही.

म्हणून माझं मत असं झालंय, की प्राथमिक शाळेतल्या माणसांचा गौरव करायचा तर त्यांच्या कामांत एक काम वाढवू नये. जमलं तर एक कमी करावं. हार-तुरे त्यात बसत नाहीत, कारण हार आणायलाही शेवटी गुरुजींनाच पाठवतात.

तेव्हा पालकहो, एवढं करा. मुलाचं नाव जन्मदाखल्यावर, आधारवर आणि तुमच्या तोंडात एकच ठेवा. 'उद्या शाळा आहे का' हा प्रश्न रात्री साडेदहाला ग्रुपवर टाकू नका. सुट्टी असती तर ती तुमच्या पोराने केव्हाच जाहीर केली असती. आठवड्यातून एखादा दिवस खिचडी चाखायला जा, आणि मावशींना तोंडावर सांगा की बरी झालीय. गावी जाताना बाईंना सांगून जा, येणार कधी तेही सांगा. आणि सकाळी मुलाचं नाक घरूनच पुसून पाठवा. पहिलीच्या बाईंचा पदर रोज धुवावा लागतो, आणि तो त्या स्वतःच धुतात.