गझल : मान्यतेस्तव सादर

जिल्हा परिषदेत कारकुनी केलेल्या माणसाला एक वाङ्मयप्रकार झोपेतही येतो : टिपणी. 'विषयांकित प्रकरणी'ने सुरुवात करायची, 'मान्यतेस्तव सादर'ने हात झटकायचे आणि मधल्या दोन परिच्छेदांत कुणावरच काही शेकणार नाही असं लिहायचं. या शिदोरीवर मी विनोदी लेखही लिहू लागलो. ते छापून येत. नातेवाईक भेटले की 'वाचला हं' म्हणत आणि लगेच पावसापाण्याकडे वळत. अशात वाचनालयातल्या व्याख्यानात वक्ते म्हणाले, लेखकानं नवनवे प्रकार हाताळले पाहिजेत, नाहीतर त्याचं डबकं होतं. मला तिथंच अंगावर डास बसल्यासारखं वाटू लागलं.

कादंबरीला बैठक लागते आणि माझ्या बैठकीवर डॉक्टरांनी निर्बंध घातलेत. शिरीष पैंचे हायकू वाचले, तर तीन ओळींत लपायला जागाच नाही. राहिली गझल. गझलेनं मी भारावलो तो तिच्यातल्या दर्दामुळे नव्हे, नियमांमुळे. मतल्याच्या, म्हणजे पहिल्या शेराच्या, दोन्ही ओळींत आणि पुढं प्रत्येक शेराच्या दुसऱ्या ओळीत शेवटी रदीफ तोच, त्याआधी यमक जुळवणारा काफिया, काफियाच्या पोटात न बदलणारा स्वर म्हणजे अलामत, वर वृत्त. म्हणजे सेवाशर्तीच की! माधव जूलियनांची 1933 सालची 'गज्जलांजली' आणली. सुरेश भटांची 'गझलेची बाराखडी' तर मी परिपत्रकासारखी लाल पेन्सिलीनं अधोरेखित करत वाचली. प्रत्येक शेर ही स्वतंत्र कविता असते, हे कळल्यावर तर हायसं वाटलं. पाच वेगळी प्रकरणं एकाच फायलीत लावायची, हे काम मी रोजच करतो.

वृत्त निवडलं भुजंगप्रयात. लगागा लगागा लगागा लगागा. पहिली अडचण 'तुझ्या' या शब्दाशीच आली. जोडाक्षराआधीचं अक्षर गुरू, म्हणून 'सत्य'मधला 'स' गुरू. पण 'तुझ्या'मधला 'तु' लघूच, कारण 'झ्या'चा आघात त्याच्यावर येत नाही. आमच्या गल्लीतल्या निवृत्त मराठी शिक्षकांना मी विचारलं, "सर, ही सूट कोणत्या आदेशान्वये?" सर म्हणाले, "कानाच्या."

कान तयार होईना, पण बोटं झाली. जेवताना, एसटीत, अंघोळीत मी मात्रा मोजू लागलो. हिनं एकदा विचारलं, "अहो, कुणाचं देणं लागतो का आपण?" भुजंगप्रयात पुढं कचेरीतही शिरला. टंचाईच्या टिपणीत मी लिहून गेलो, 'विहिरी तळाला, नळाला न पाणी, तरी मागणी मान्य व्हावी त्वरेने.' साहेबांनी शेरा मारला : 'टँकर मंजूर. भाषा सुधारावी.' त्यातही 'विहिरी'ची 'हि' ऱ्हस्व पडल्यामुळे वृत्त मोडलं होतं. साहेबांना ते समजलं नाही. मला मात्र रात्रभर झोप नाही.

शेवटी मतला झाला :

मनाला अता ती जुनी बोच नाही
किती पत्र धाडू, कुठे पोच नाही

'आता'चं 'अता' करण्याची सवलत मी हक्कानं घेतली. 'पत्रे'चं 'पत्र' झालं ते मात्र वृत्ताच्या दांडगाईनं. सरांनी चष्मा वर केला. "बोच राहिली नाही, तर पत्रं कशाला धाडताय? आणि प्रेयसीकडून पोच मागता? ती काय आवक-जावक विभागात आहे?" मी म्हटलं, पोच असल्याशिवाय पत्रव्यवहार ग्राह्य धरता येत नाही.

खरी पंचाईत काफियाची. 'पोच'ला जुळणारे शब्द मराठीत किती? बोच, लोच, खोच, चोच. 'चोच' आल्यावर प्रेमाच्या गझलेत पक्षी आणणं भाग होतं :

उडाले कधीचे मनाचे पखेरू
कणांना टिपाया तया चोच नाही

वृत्तात तसूभर चूक नाही. सर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "एवढे दिवस ते जगलं कशावर?"

तरीही मुशायऱ्यात मी नाव दिलं. माझ्याआधी वाचलेल्या कॉलेजातल्या मुलीनं शेराची पहिली ओळ दोनदा म्हटली. सभागृह ताटकळलं आणि दुसऱ्या ओळीवर दाद कोसळली. पहिल्या ओळीनं ताणायचं आणि दुसरीनं सोडायचं, हे पुस्तकात वाचलं होतं. होताना तेव्हा पाहिलं. मी दोन्ही ओळी एका दमात वाचल्या, सभेचं इतिवृत्त वाचतात तशा. 'पोच नाही'वर मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. चोच नसलेला पक्षी आला तेव्हा अख्खं सभागृह हसत होतं. शेवटच्या, अतिशय करुण शेराला एका गृहस्थांनी मांडीवर थाप मारून 'क्या बात है' म्हटलं आणि डोळे पुसले. निवेदकानं माइक घेतला : "काय बहारदार हझल ऐकवली!"

हझल म्हणजे विनोदी गझल. मी मान लववून नमस्कार केला. नाकारण्याइतका मी निर्मळ नाही. समोर हिच्या मैत्रिणी बसल्या होत्या, आणि माझ्या कुठल्याही विनोदी लेखाला इतकी माणसं एकदम हसल्याचं मला आठवत नव्हतं.

चहाच्या वेळी एका दिवाळी अंकाचे संपादक भेटले. "हझल द्या आम्हाला, विनोदी विभागात टाकू," म्हणाले. पक्ष्याची चोच तशीच ठेवून, म्हणजे नसलेलीच ठेवून, दुसऱ्याच दिवशी रजिस्टर पोस्टानं पाठवली. स्मरणपत्रंही धाडली. अजून पोच नाही.