स्वल्पविराम संपादकाचा, संदर्भ आपला

फुलंब्रीचा एखादा पोरगा अद्रकीच्या कंदकुजीवर दोन हंगाम काम करतो. वावरावावरांतून सडके कंद गोळा करतो, प्रयोगशाळेत बुरशी वाढवतो, मोजमापे घेतो आणि पेपर नियतकालिकाकडे पाठवतो. चार दिवसांत पेपर परत. कारण एकच, संदर्भ आमच्या पद्धतीने दिलेले नाहीत. कंदकुजीबद्दल अवाक्षर नाही, म्हणजे प्रयोग कोणी वाचलाच नाही. हा अन्याय आहे आणि तो मुकाट्याने सोसण्याचे काही कारण नाही.

पद्धतीने म्हणजे काय, ते जरा जवळून बघा. व्हँकूव्हर पद्धतीत आडनावापुढे आद्याक्षरे येतात, मध्ये ना स्वल्पविराम, ना टिंब. एपीए पद्धतीत दोन्ही हवेत, वर्ष कंसात हवे, शेवटच्या लेखकाआधी 'आणि'चे चिन्ह हवे. खंडाचा आकडा तिरपा आणि त्याला चिकटून आलेला अंकाचा आकडा मात्र कंसात, सरळ. साठ संदर्भ असले की रात्र जाते. ज्याला जमत नाही तो डीटीपीवाल्याकडे जातो आणि पानामागे पैसे मोजतो. डीटीपीवाल्याला त्या विषयाची माहिती नसते, तो समोर दिसेल तसे टाइप करतो आणि बरोबर असलेले नावही कधी कधी बिघडवतो.

व्हँकूव्हर पद्धत जन्माला आली ती लेखकाचा हा त्रास वाचवायला. 1978 साली वैद्यकीय नियतकालिकांचे काही संपादक कॅनडातल्या त्या शहरात जमले. एकच निबंध प्रत्येक नियतकालिकासाठी नव्याने टंकलिखित करावा लागू नये म्हणून त्यांनी एकसारखी पद्धत ठरवली. आज तिचेच नाव घेऊन मराठवाड्यातल्या पोरांना पळवले जाते. एल्सव्हिअरसारख्या बड्या प्रकाशकाच्या कित्येक नियतकालिकांत पहिल्या खेपेला संदर्भ कोणत्याही पद्धतीचे चालतात, सगळे एकसारखे असले की झाले. पुढचे सोपस्कार पेपर स्वीकारल्यावर. त्यांना जे परवडते ते आपल्या लहान नियतकालिकांना का परवडू नये?

झोटेरो नावाचे सॉफ्टवेअर 2006 पासून फुकट मिळते. लेखाचा डीओआय क्रमांक त्यात टाकला की संदर्भ तयार होतो आणि पद्धत बदलायची तर एक क्लिक पुरते. हे एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला, तालुक्याच्या कॉलेजातच शिकवायला हवे. पीएच.डी.ला प्रवेश मिळाल्यावर शिकवण्यात फार उशीर होतो. यूजीसीच्या 2018 च्या वाङ्मयचौर्यविरोधी नियमांतही शैक्षणिक सचोटीची तत्त्वे पदवीपासूनच्या अभ्यासक्रमात सक्तीने घ्या, असे सांगितलेले आहे. ते गांभीर्याने घ्या.

पण सॉफ्टवेअरवर डोळे मिटून विसंबू नका. खरी गोष्ट इथून पुढे आहे.

संदर्भ म्हणजे विधानाचा सातबारा. हे म्हणणे कोणाचे, ते कुठे नोंदवले आहे, जाऊन तपासायचे तर कुठे जायचे, हे त्यावरून कळले पाहिजे. सातबाऱ्यावर नाव चुकले तर आपण तलाठ्याकडे खेटे घालतो. संदर्भात नाव चुकले तर कोणी ढुंकूनही बघत नाही, आणि आपल्याकडे ते सारखे चुकते. महाराष्ट्रात गुणपत्रिकेवर आडनाव आधी असते. समजा, 'शिंदे गणेश विठ्ठल'. मुलगा पेपरवरही त्याच क्रमाने नाव लिहितो. परदेशी डेटाबेस शेवटचा शब्द आडनाव धरतो आणि नोंद होते 'विठ्ठल एस. जी.' पेपर गणेशचा, जमा वडिलांच्या नावावर. पुढे जो कोणी त्याचा दाखला देईल तो हीच चूक पुढे नेईल, कारण त्याचेही सॉफ्टवेअर तिथूनच माहिती उचलते. लग्नानंतर नाव बदलणाऱ्या संशोधिकेचे तर मधले नाव जाते, आडनावही जाते आणि एका बाईचे काम दोन बायकांत वाटले जाते. 2012 पासून ऑर्किड हा सोळा अंकी क्रमांक फुकट मिळतो. नाव कसेही छापले गेले तरी तो क्रमांक माणसाला सोडत नाही. पहिला पेपर पाठवायच्या आधी तो घ्या, आणि कोणते नाव कोणत्या क्रमाने लिहायचे ते एकदाच ठरवा.

गावाच्या आणि संस्थेच्या नावांचेही तसेच. आपले विद्यापीठ 1958 साली 'मराठवाडा विद्यापीठ' म्हणून सुरू झाले आणि 14 जानेवारी 1994 ला त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव लागले. 1985 चा प्रबंध संदर्भात द्यायचा तर त्याच्या शीर्षकपृष्ठावर जे छापले आहे तेच नाव लिहायचे. शहराचेही तसेच, जुन्या पुस्तकावर औरंगाबाद असेल तर औरंगाबाद. शोधणारा छापलेल्या नावानेच शोधणार. पण स्वतःचा आजचा पत्ता लिहिताना विद्यापीठाचे आजचे नाव आणि तेही पूर्ण लिहा. नामांतराच्या लढ्यात या नावासाठी माणसांनी घरेदारे गमावली, जीव दिले. पेपरवर त्याचे 'बामू' करून टाकणे मला सहन होत नाही. शिवाय एकाच विद्यापीठाची चार स्पेलिंगे झाली की डेटाबेसात त्याचे काम चार ठिकाणी विखुरते.

आणि ज्यांचे नाव आपण लावतो, त्यांनी संदर्भ कसे दिले तेही बघा. बाबासाहेबांचा 1923 चा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ उघडा. तळटिपांत आयोगांचे अहवाल आहेत, साक्षी आहेत, जुनी आकडेवारी आहे. रुपयाबद्दलचा दावा कशावर उभा आहे ते वाचणाऱ्याला पडताळता यावे, अशी सगळी मांडणी. बाबासाहेबांनी हे काम हाताने केले, ग्रंथालयात तासन् तास बसून.

आज उलटे चालले आहे. स्वल्पविराम जागच्या जागी आणि मूळ लेख उघडलेलासुद्धा नाही. दुसऱ्याच्या संदर्भसूचीतून दहा नावे उचलायची, आपल्या सूचीत टाकायची. हल्ली तर चॅटबॉटला विचारले की तो अस्तित्वातच नसलेला लेख सांगतो, लेखकासह, वर्षासह, पानांच्या आकड्यांसह. दिसायला निर्दोष. फॉरमॅट बघणारा संपादक असा संदर्भ आनंदाने पास करेल आणि खरा पण एखादे टिंब चुकलेला संदर्भ परत पाठवेल. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांत तर तेवढेही बघत नाहीत. मे 2018 मध्ये यूजीसीने आपल्या मान्यताप्राप्त यादीतून 4,305 नियतकालिके काढली. त्यानंतर यूजीसीचीच केअर यादी आली आणि 2025 मध्ये तीही गुंडाळली. आता कोणते नियतकालिक चांगले हे ठरवणे विद्यापीठांच्या आणि कॉलेजांच्याच हातात आहे. मग पहिली कसोटी ही लावा, तिथले संपादक संदर्भ उघडून बघतात का?

गाइडनेही हेच करावे. प्रबंधाची सूची हातात आली की टिंबे मोजत बसू नये. डोळे मिटून पाच संदर्भांवर बोट ठेवावे आणि ते पाच लेख मागावेत, पीडीएफ किंवा झेरॉक्स, काहीही. आणि व्हायवाला बाहेरून येणाऱ्या परीक्षकांना माझी विनंती आहे. चहा होण्याआधी विद्यार्थ्याला एवढेच सांगा, सतरा नंबरचा संदर्भ उघड, तुझ्या विधानाला आधार देणारे वाक्य त्यात कुठे आहे ते दाखव.